ऑपरेशन झालंय, गोळ्या चालू आहेत आणि पाळी चुकली: काय करायचं, कोणत्या क्रमाने

"मनं ऑपरेशन व्हयेल शे, मंग कसं काय?" (माझं ऑपरेशन झालेलं आहे, मग हे कसं काय?)

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये आरोग्यसेविका म्हणून काम करताना हा प्रश्न मी घराच्या ओट्यावर ऐकला, केळीच्या बागेच्या बांधावर ऐकला, पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, व्हरांड्यातही ऐकला. विचारणारी बहुतेक तिशीतली. दोन-तीन लेकरं, धाकट्याच्या बाळंतपणातच फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशन उरकलेलं. नंतर कधीतरी रोजची गोळी मागे लागलेली, कुणाला बीपीची, कुणाला थायरॉइडची, फिटची किंवा टीबीची. आणि आता पाळी दहा-बारा दिवस पुढे गेलेली. घरात सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं: "ऑपरेशन झालंय ना, गोळ्यांनी झालं असेल."

बहुतेक वेळा ते खरंही निघतं. पण जेव्हा खरं निघत नाही तेव्हा गर्भ पिशवीऐवजी बीजवाहक नळीत (ऑपरेशनात हीच बांधतात) अडकलेला असू शकतो आणि त्यात बाईच्या जिवावर बेततं. गर्भ नीट जागी असला तरी चालू औषधाचा त्याला त्रास होऊ शकतो. म्हणून इथे काय करायचं ते सांगते आहेच, पण कशानंतर काय करायचं हेही सांगते. मी पाहिलेले बरेचसे घोटाळे उलट्या क्रमाने झाले होते: आधी मनानेच गोळ्या बंद, मग मेडिकलवरून पोट पाडायचं कीट, आणि पोटात कळा सुरू झाल्यावर सोनोग्राफी.

ऑपरेशननंतर दिवस राहू शकतात का?

हो. क्वचित, पण राहतात. पहिल्या वर्षात हजारातल्या साधारण पाच जणींना. अमेरिकेत १०,६८५ बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला मोठा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांत हजारी १८ ते १९ जणींना दिवस राहिल्याचं दिसलं. बाळंतपणानंतर लगेच नळीचा तुकडा कापून केलेल्या ऑपरेशनात, म्हणजे आपल्याकडे ज्याला टाक्याचं म्हणतात त्यात, हा आकडा सात-आठ होता. दुर्बिणीने नळीवर रिंग बसवून केलेल्या, म्हणजे बिनटाक्याच्या ऑपरेशनात तो १७-१८ होता. कमी वयात ऑपरेशन झालेल्यांमध्ये धोका जास्त दिसला, कारण पुढची सुपीक वर्षंही जास्त उरतात. महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांचं हे ऑपरेशन झालेलं असतं. त्यामुळे हजारात थोड्या म्हटल्या तरी प्रत्येक तालुक्यात अशा बायका निघणारच.

कारणं साधी आहेत. कापलेली टोकं कधी आपोआप जुळतात किंवा बारीक वाट तयार होते. कधी रिंग नीट बसलेली नसते. कधी नळीऐवजी शेजारचा बंध बांधला जातो. आणि कधी ऑपरेशनच्या दिवशीच पोटात गर्भ असतो, इतका लहान की टेस्टमध्येही येत नाही. तेव्हा ऑपरेशन होऊन महिनाही झाला नसेल आणि पाळी आलीच नसेल, तर ही शक्यता आधी धरा.

आता औषधाबद्दलचा एक गैरसमज. गोळ्यांमुळे ऑपरेशन "सुटत" नाही. नळीला घातलेली गाठ किंवा रिंग टीबीच्या, फिटच्या किंवा अँटिबायोटिकच्या गोळीने सैल होत नाही. टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांनी फिकं पडतं ते गर्भनिरोधक गोळ्यांचं काम. ऑपरेशन झालेल्या बाईला तो प्रश्न नाही. "तू गोळ्या खाल्ल्या म्हणून झालं" असं कुणी सुनावत असेल तर ते ऐकून घेऊ नका.

पहिली पायरी: घरी लघवीची टेस्ट, उद्या सकाळीच

पाळीची तारीख उलटली की थांबू नका. आशाताईकडे 'निश्चय' नावाचं कीट फुकट मिळतं, नसेल तर मेडिकलवर मिळतं. सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या भांड्यात घ्या, कीटसोबतच्या कागदावर लिहिलंय तेवढेच थेंब टाका आणि तिथे दिलेल्या वेळेतच निकाल वाचा. दोन रेघा म्हणजे दिवस गेलेले. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच आहे. "थोडीशीच दिसतेय" म्हणून कीट फेकून देऊ नका, कारण नळीतल्या गर्भात रेघ बऱ्याचदा अशीच फिकट येते. एकही रेघ आली नाही तर कीट खराब, दुसरं आणा.

एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. बीपी, थायरॉइड, साखर, टीबी यांच्या नेहमीच्या गोळ्यांनी टेस्ट खोटी दोन रेघांची होत नाही. तेव्हा दोन रेघांचा दोष गोळ्यांवर ढकलू नका.

कीट आणायला कुणाला पाठवायचं, हाच पुष्कळदा मोठा अडसर असतो. ऑपरेशन झालेल्या बाईने कीट मागितलं की मेडिकलवाल्याच्या भुवया वर जातात, गल्लीत चर्चा होते. म्हणून आशाताईलाच एकटं गाठून सांगा. तिच्यासाठी हे रोजचं काम आहे.

खरंच गोळ्यांनी पाळी पुढे गेली असेल तर?

जाऊ शकते. मानसिक आजाराच्या काही गोळ्या, विशेषतः रिस्पेरिडोन, यांनी दूध वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पाळी महिनोन् महिने बंद होते. उलटी-मळमळीच्या डोमपेरिडोनने, ती बरेच दिवस घेतली तर, असं होऊ शकतं. थायरॉइडचा डोस कमी-जास्त असला तरी पाळी बिघडते. चाळिशी ओलांडल्यावर पाळी तशीही मागेपुढे होते.

खान्देशात आणखी एक कारण हमखास भेटतं. श्रावणात कानबाई देवी बसायच्या वेळी, तिच्या रोटांच्या नैवेद्याला अडचण नको म्हणून, पाळी पुढे ढकलायची नोरएथिस्टेरॉनची गोळी कितीतरी बायका कुणाला न विचारता घेतात. ती थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात पाळी यायला हवी. आठवडा गेला आणि नाही आली, तर टेस्ट करा. त्या गोळीने पाळी ढकलली जाते, पण ती काही गर्भ राहू न देणारी गोळी नव्हे.

थोडक्यात, पाळी न येण्याचं कारण गोळी आहे असं म्हणायचा हक्क टेस्ट केल्यानंतरच मिळतो, तोही दोनदा एकच रेघ आल्यावर.

दुसरी पायरी: गर्भ कुठे आहे, हे सगळ्यात आधी

या लेखातलं एवढंच वाचलं तरी चालेल. ऑपरेशननंतर राहिलेल्या गर्भांपैकी साधारण तिसरा हिस्सा गर्भपिशवीत नसतो, नळीत अडकलेला असतो. नळी अरुंद, गर्भ वाढतो, आणि एक दिवस नळी फुटते. पोटात रक्त साचतं, बाहेर मात्र जरासं डागापुरतंच दिसतं. ऑपरेशनला आठ-दहा वर्षं झाली म्हणून हा धोका संपत नाही.

म्हणून दोन रेघा दिसल्या की दोन-चार दिवसांत सोनोग्राफीची सोय करा. आधारकार्ड सोबत घ्या, सोनोग्राफीच्या फॉर्मसाठी लागतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख कागदावर लिहून न्या आणि खोलीत शिरताच सांगा: "माझं ऑपरेशन झालेलं आहे, टेस्टमध्ये दोन रेघा आल्या आहेत, गर्भ नळीत आहे का ते बघायचंय." हे वाक्य कुणी विचारायची वाट न बघता स्वतःहून बोला. पाळी चुकून एक-दोन आठवडेच झाले असतील तर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बहुधा नीट दिसणार नाही, आतून, म्हणजे योनीमार्गातून, करावी लागेल. लाजू नका, लवकर दिसायचं तर तीच उपयोगाची.

काहीच दिसलं नाही, तर "काही नाही" असा अर्थ होत नाही. डॉक्टर रक्ताची बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणारं संप्रेरक) तपासणी सांगतील आणि ४८ तासांनी तीच पुन्हा करतील. सुरुवातीच्या दिवसांत नीट वाढणाऱ्या गर्भात हा आकडा दोन दिवसांत बऱ्यापैकी वाढतो, बहुधा दुपटीकडे जातो. तो रेंगाळला की नळीचा संशय बळावतो. दुसऱ्या तपासणीचा खर्च आणि हेलपाटा बायका टाळतात. तो टाळू नका, कारण पहिल्या एकट्या आकड्यावरून फारसं कळत नाही.

गर्भ पिशवीतच आहे असं सांगितलं जाईपर्यंत कापूस वेचायला एकटीने लांबच्या शेतात जाऊ नका. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या किंवा यावल-चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर राहत असाल तर ते दोन-चार दिवस खाली, मोठ्या दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे काढा. रात्री घाट उतरून येण्यात जो वेळ जातो, तोच जिवावर येतो.

आणि ही लक्षणं घरातल्या कुणातरी मोठ्या माणसाला सांगून ठेवा: ओटीपोटात एका बाजूला दुखणं, अंगावरून थोडं थोडं काळपट जाणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काही झालं तर १०८ ला फोन. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून बघू, सकाळी जाऊ, असं नाही. शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्हींची सोय असलेल्या ठिकाणी जायचं. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही त्यासाठी मोठी ठिकाणं. वाटेत कुठे थांबायचं ते १०८ मधले डॉक्टर ठरवतील.

माझ्या भागातल्या एका बाईला कापूस वेचताना भोवळ आली होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन तिला परत पाठवलं. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर पाळीचं तिथे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. संध्याकाळी ती पांढरीफटक पडली. नळी काढावी लागली, रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. ती वाचली. मी आठवड्यापूर्वीच तिच्या घरी जाऊन आले होते, धाकट्याच्या लसीसाठी. पाळीबद्दल मीही विचारलं नव्हतं. ते मला अजून बोचतं, आणि तेव्हापासून ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईला मी शेवटच्या पाळीची तारीख विचारत आले.

पोट पाडायचं कीट मेडिकलवरून आणू नका

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. गोळ्या घेतल्या, थोडं रक्त गेलं, बाईला वाटतं झालं मोकळं. आत गर्भ वाढतच असतो. पुढे पोट दुखलं तरी "गोळ्यांचंच असेल" म्हणून अंगावर काढलं जातं. ऑपरेशन झालेल्या बाईने सोनोग्राफीआधी या गोळ्यांना हात लावू नये, मग सांगणारी सख्खी बहीण का असेना. गूळ-ओवा, कच्ची पपई, गावठी काढे यांचंही तेच.

तिसरी पायरी: चालू गोळ्यांचं काय करायचं

सोनोग्राफीला जायच्या दिवसापर्यंतही हा प्रश्न थांबत नाही, रोज रात्री गोळी समोर असतेच. म्हणून टेस्टच्याच दिवशी, ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांना फोन करा. पाकिटावरचं कंपनीचं नाव नका सांगू, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. वाचता येत नसेल तर मुलांकडून सगळ्या पाकिटांचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. डोकेदुखीची, गुडघ्याची, वैदूकडची पुडी, भस्म, सगळं त्यात धरा. काही भस्मांमध्ये शिसं असतं आणि ते गर्भाला घातक असतं.

फिटच्या गोळ्यांवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सोडियम व्हॅल्प्रोएटने बाळात व्यंग होण्याचा धोका खरोखर मोठा आहे, दहातल्या साधारण एका बाळात, आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. हे कळलं की घरचे गोळी खिडकीतून फेकतात. आणि मग लागोपाठ फिट येतात, ज्यात आईही जाऊ शकते आणि गर्भही. गोळी आज चालू ठेवा, डॉक्टरांना आजच गाठा, ते बदलतील किंवा डोस ठरवतील. सोबत फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायला विचारा. फिटच्या रुग्णांना ते बहुधा ५ मिलिग्रॅमचं देतात, नेहमीच्या गोळीपेक्षा मोठं. बाळाचा मणका फार लवकर, पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर, बंद होतो. म्हणून इथे आठवडा वाया घालवू नये.

हृदयाची झडप बदललेल्या बायका रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा असिनोकुमेरॉल घेतात. तिथेही तसंच. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती बाळाला बाधू शकते, पण मनाने थांबवली तर झडपेवर गुठळी होते. इंजेक्शनवर न्यायचं का, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, तेही त्याच दिवशी.

बीपीच्या गोळ्यांमध्ये टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या गरोदरपणात चालत नाहीत. बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते, विशेषतः चौथ्या महिन्यापासून. पण बीपीची गोळीच बंद करायची असा त्याचा अर्थ नाही. लॅबेटालॉल, मेथिलडोपा, निफेडिपिन या गोळ्या गरोदरपणात वापरतात, त्यातली एक लगेच सुरू करून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर बहुधा थांबवतील.

डॉक्टर फोनवर भेटेपर्यंत पुढचा डोस घेऊ नये अशी औषधं थोडी आहेत: सांधेवाताची आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेट आणि मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन. नंदुरबारकडे, भिल्ल, पावरा कुटुंबांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे आणि त्यावर हायड्रॉक्सियुरिया देतात. तीही गरोदरपणात बहुधा थांबवतात. पण सिकलसेल असताना गरोदरपणच जोखमीचं असतं, म्हणून गोळीइतकंच त्या दिवशी डॉक्टरांकडे पोहोचणंही निकडीचं.

थायरॉक्सिन मात्र उगाच बंद केली जाते. ती चालू ठेवायची, उलट डोस बहुधा वाढवावा लागतो. टीबीचा नेहमीचा कोर्सही चालू ठेवायचा. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड गरोदरपणात देतात. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन मात्र टाळतात, बाळाच्या कानाला धोका असतो. इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन चालतं, साखरेच्या बाकी गोळ्या विचारून घ्या. दम्याचा पंप सोडू नका. मानसिक आजाराच्या गोळ्या अचानक सोडू नका, लिथियम असेल तर तातडीने विचारा. अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरेशी आहे, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बाजूला ठेवा.

आणि ज्या गोळ्या नकळत घेऊन झाल्या, त्यांचं ओझं घेऊ नका. एखादी घातक गोळी घेतली म्हणजे बाळ बिघडलंच, असं नसतं. कोणत्या आठवड्यात, किती, किती दिवस, यावर ठरतं. तारखा लिहून डॉक्टरांना द्या. गर्भ ठेवायचा ठरला तर १८ ते २० आठवड्यांची व्यंग बघायची सोनोग्राफी चुकवू नका.

चौथी पायरी: ठेवायचं की नाही

हे ठरवणारी बाई. कायद्याने, १९७१ चा गर्भपाताचा कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती पाहता, गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने काढता येतो. १८ वर्षांवरच्या बाईची एकटीची सही पुरते. "मालकाची सही आणा" असं सांगितलं तरी कायदा ती मागत नाही. आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सरकारी ऑपरेशनच्या संमतीपत्रातच लिहिलेलं असतं की पाळी चुकली तर दोन आठवड्यांत दवाखान्यात कळवावं आणि हवा असल्यास गर्भपात मोफत मिळेल. गर्भ पिशवीत असेल आणि नऊ आठवड्यांच्या आत असेल तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनीही होतो. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आठवणीने विचारा.

ठेवायचं ठरलं, तर तेही तितकंच योग्य. मी अशा मुली पाहिल्यात, ज्यांचं कुणी काही ठरवलं नव्हतं आणि आज त्या बारावीला आहेत. नवऱ्याने संशय घेतला तर त्याला तुमच्यासोबत डॉक्टरांसमोर बसवा. ऑपरेशन फसतं हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्याला पटतं, आपल्या तोंडून सहसा पटत नाही.

कागद

सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात झालेलं ऑपरेशन फसलं तर कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजनेतून पैसे मिळतात. अर्ज दिवस राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत करायचा. रक्कम सरकार बदलत असतं, त्यामुळे चालू आकडा आरोग्य केंद्रात विचारा. लागतं ते असं: ऑपरेशनचं प्रमाणपत्र, संमतीपत्राची प्रत, दिवस गेल्याचा रिपोर्ट, भरलेला अर्ज. अडतं ते प्रमाणपत्रावर. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, ऑपरेशन माहेरच्या दवाखान्यात, आणि कागद आईच्या पत्र्याच्या पेटीत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाल तेव्हा शोधून आणू, असं म्हणत बसू नका. भावाला आजच फोन करून फोटो मागवा. कागद हरवलाच असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते, तारीख आणि वर्ष सांगून प्रत मागा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, हे प्रमाणपत्र ऑपरेशननंतर पाळी आल्यावर किंवा महिन्याने मिळतं. आणायला गेलाच नसाल तर आता जा.

कोर्टात जायचा सल्ला कुणी दिला तर एवढं माहीत असू द्या: सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध शिवराम या खटल्यात सांगितलं की केवळ ऑपरेशन फसलं म्हणून डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. योजनेतल्या अर्जासाठी मात्र कुणाची चूक दाखवावी लागत नाही. म्हणून आधी तो अर्ज.

यानंतर

एकदा फसलेल्या ऑपरेशनवर पुन्हा भरवसा ठेवू नका. तांबी बसवता येते, तिच्यावर कोणत्याही गोळीचा परिणाम होत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या असतील तर टीबी आणि फिटच्या औषधांचं आधी सांगा. नवऱ्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, चीर लहान, घरी त्याच दिवशी. फक्त तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी होऊन हिरवा कंदील मिळेपर्यंत निरोध वापरायचा. आमच्या भागात ती करून घेणारे पुरुष मी बोटांवर मोजले, पण जे आले त्यातले दोघे असेच आले होते, बायकोचं ऑपरेशन फसल्यावर, तिच्यासोबत सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसून गेल्यावर.